प्राचीन भारत पहिल्यांदा वाचताना: शिलालेख, नाणी आणि कोरा नकाशा हाताशी घेऊन

२०१९ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) पूर्वपरीक्षेत एक प्रश्न होता: चान्हुदडो, कोट दिजी, सोहगौरा आणि देसलपूर यांपैकी हडप्पा संस्कृतीचं स्थळ नसलेलं कोणतं? माझा तो पहिला अटेम्प्ट. क्लासच्या झेरॉक्स नोट्स मी इतक्या वेळा वाचल्या होत्या की मौर्यांपासून गुप्तांपर्यंतच्या वंशावळी झोपेतही म्हणून दाखवल्या असत्या. देसलपूर हे नाव त्या नोट्समध्ये नव्हतं, म्हणून त्याचाच गोल काळा केला. देसलपूर कच्छमध्ये आहे आणि ते हडप्पाचंच स्थळ आहे. उत्तर होतं सोहगौरा. गोरखपूर जिल्ह्यातल्या या गावी धान्याच्या कोठारांविषयीचा ब्राह्मी लिपीतला ताम्रपट सापडला आहे, आणि प्राचीन भारताच्या साधनांवरच्या कुठल्याही बऱ्या प्रकरणात त्याचा उल्लेख असतो. दोन गुण हुकले, वर चुकीच्या उत्तराचे एक तृतीयांश कापले गेले ते वेगळेच.

घरी येऊन पेपर पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की आयोगाने एकाही राजाचा मुलगा कोण हे विचारलेलं नव्हतं. विचारलं होतं ते हे: कुठे काय सापडलं, कुठल्या लेखात काय लिहिलंय, अमुक शब्दाचा अर्थ काय. त्याच पेपरात अशोकाच्या प्रतिमेशेजारी ‘राण्यो अशोक’ असं कोरलेलं शिल्प कुठे आहे, असाही प्रश्न होता. उत्तर कर्नाटकातलं कनगनहळ्ळी. तेव्हापासून मी अभ्यास उलटा लावला: आधी पुरावा, मग त्यातून राजा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासूनच तसं करावं, म्हणून हे लिहितोय.

आधी किती वेळ द्यायचा ते ठरवा

पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या (जीएस) पहिल्या पेपरला १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. त्यातला प्राचीन भारताचा वाटा दरवर्षी बदलतो, पण राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था किंवा पर्यावरणाच्या मानाने तो लहानच. तरीही बहुतेक जण अभ्यासाची सुरुवात इथूनच करतात, कारण कालक्रमात हा विषय पहिला येतो. मग सिंधू संस्कृती उत्साहात होते, ऋग्वेदकाळात गाडी मंदावते आणि सोळा महाजनपदांशी दिवाळी येते. अभ्यासिकेत दर वर्षी असे दोन-तीन जण भेटतात.

माझा हिशेब असा: रोज दीड तास, सहा ते सात आठवडे. याहून जास्त पहिल्या फेरीत नको. हा विषय एकटा वाचू नका, बरोबर राज्यव्यवस्थेसारखा एखादा विषय चालू ठेवा.

मुख्य परीक्षेचा विचारही आत्ताच करून ठेवा. केंद्राच्या जीएसच्या पहिल्या पेपरच्या अभ्यासक्रमात प्राचीन काळाचा राजकीय इतिहास वेगळा दिलेला नाही. तिथे आहे ती भारतीय संस्कृती: प्राचीन ते आधुनिक काळातले कलाप्रकार, साहित्य आणि वास्तुकला. म्हणजे लढाया आणि वंशावळी मुख्यला जवळपास निरुपयोगी, लेणी-स्तूप-मंदिरं मात्र दोन्हीकडे कामाची. एमपीएससीच्या राज्यसेवेच्या पूर्वच्या अभ्यासक्रमात ‘महाराष्ट्राच्या विशेष संदर्भासह’ असे शब्द आहेत, आणि २०२५ पासून राज्यसेवा मुख्यही वर्णनात्मक झाली आहे. त्यामुळे दोन्ही परीक्षा देणाऱ्याला एकाच तयारीत काम भागवता येतं.

पहिली पायरी: काळाची पट्टी

चार ए-फोर कागद आडवे चिकटवा. मधोमध एक रेघ ओढा. वरच्या बाजूला भारत, खालच्या बाजूला महाराष्ट्र.

वर थोडेच खांब रोवा. प्रगत हडप्पा इ.स.पू. २६०० ते १९००. ऋग्वेदाचा काळ साधारण इ.स.पू. १५०० ते १०००. सिकंदराची स्वारी इ.स.पू. ३२६, त्यानंतर लगेच चंद्रगुप्त मौर्य. अशोक इ.स.पू. तिसरं शतक. रुद्रदामनाचा जुनागढ लेख इ.स. १५०. गुप्तांचा संवत इ.स. ३१९ पासून. हर्ष ६०६ ते ६४७. ऐहोळेचा लेख ६३४. एवढे पुरेत. बाकी सगळं या खांबांच्या मध्ये आपोआप बसतं.

खालच्या बाजूला: दायमाबाद आणि जोर्वे (दोन्ही प्रवरेकाठी), घोड नदीवरचं इनामगाव, नाणेघाट, नाशिकची लेणी, वाकाटक आणि अजिंठा, बदामीचे चालुक्य, राष्ट्रकूट आणि वेरूळ.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, इ.स.पू. ची शतकं उलटी चालतात. इ.स.पू. तिसरं शतक म्हणजे ३०० ते २०१. हे डोक्याला कळतं, पण घाईत हात चुकतो, त्यामुळे पट्टीवर शतकाचे आकडे लिहूनच ठेवा. दुसरं, संवत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, विक्रम संवतातून ५७ वजा केले की येतो आणि गुप्त संवतात ३१९ मिळवले की येतो. रुद्रदामनाच्या लेखात वर्ष ७२ आहे. ७२ अधिक ७८, म्हणजे १५०. हे एकदा स्वतः करून पाहिलं की सनावळी पाठ करायची वेळ कमी येते.

वेगवेगळ्या पुस्तकांत सातवाहनांच्या किंवा कनिष्काच्या तारखा वेगवेगळ्या दिसतील. घाबरू नका आणि त्यावर तासभर वादही घालू नका. जिथे अभ्यासकांतच मतभेद आहेत तिथे ‘सुमारे’ लिहा आणि पुढे चला.

दुसरी पायरी: नकाशा

भारताचे कोरे नकाशे दहा-बारा आणून ठेवा. आधी फक्त नद्या काढा. गावं नंतर.

नकाशाचा खरा उपयोग कारणं दिसायला लागतात तेव्हा कळतो. जुन्नर परिसरात दोनशेच्या वर लेणी का? पुस्तकात शोधलंत तर एखादी ओळ मिळेल. नकाशावर पैठण, तेर, जुन्नर, नाणेघाट, कल्याण आणि सोपारा असे ठिपके देऊन जोडा, उत्तर समोर येतं. घाटमाथ्यावरून कोकणातल्या बंदरांकडे जाणारा हा व्यापाराचा रस्ता. व्यापारी होते म्हणून दानाला पैसा होता, भिक्खूंना वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, जागा हवी होती आणि सह्याद्रीचा काळा कातळ कोरायला तयार होता. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या पुस्तकात पैठण आणि तेर (त्यातलं ‘तगर’) ही दोन्ही गावं आहेत, तिथला माल भरूचला जायचा हेही आहे.

अशोकाचे लेख नकाशावर मांडणं तर सक्तीचं समजा. शाहबाझगढी आणि मानसेहरा इथे खरोष्ठी लिपी. कंदाहारला ग्रीक आणि अरेमाइक. बाकी बहुतेक ठिकाणी ब्राह्मी. कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड इथे, चौदा लेखांच्या मालिकेतले अकरावा ते तेरावा हे लेख नाहीतच, त्यांच्या जागी वेगळे लेख आहेत. कलिंगच्या युद्धात एक लाख मेले, दीड लाख हद्दपार झाले, हे सांगणारा तेरावा लेख खुद्द कलिंगातल्या लोकांना वाचायला ठेवलेला नव्हता! मस्की, गुजर्रा अशा मोजक्याच ठिकाणच्या लेखांत ‘अशोक’ हे नाव येतं, एरवी ‘देवानांपिय पियदसि’. आणि आपल्या सोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे मिळाले.

तिसरी पायरी: पहिलं वाचन, पेन बाजूला ठेवून

बालभारतीचं सहावीचं पुस्तक दोन दिवसांत संपवा. हसू नका. पदवीधर माणसाला ते दोन दिवसांत संपतं आणि सांगाडा उभा राहतो. त्यानंतर एनसीईआरटीचं सहावीचं आणि मग बारावीच्या इतिहासाचा पहिला भाग. बारावीचा हा भाग सोन्यासारखा आहे, कारण तो घराण्यांच्या क्रमाने न जाता विटा, मणी, लेख, नाती, स्तूप अशा पुराव्यांतून जातो. चौकटीत दिलेले उतारे आणि चित्रांखालच्या ओळी सोडू नका.

मोठा संदर्भग्रंथ एकच ठेवा आणि तो सलग वाचू नका. अडलं की उघडायचा. तीन ग्रंथ आणलेत की तुलनेतच महिना जातो.

पहिल्या वाचनात नोट्स काढायच्या नाहीत. त्या वेळी सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पुस्तक वहीत उतरवून काढलं जातं.

चौथी पायरी: पुराव्याची वही

या लेखातलं बाकी काही केलं नाही तरी चालेल, ही वही मात्र करा. एका पानावर एकच वस्तू: एक लेख, एक नाणेनिधी किंवा एक उत्खनन. वर नाव आणि ठिकाण, मग लिपी-भाषा, कोणी कोरवलं, त्यात काय आहे आणि त्यातून काय कळतं. माझ्या वहीतली तीन पानं दाखवतो.

पहिलं पान नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याचं. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं दिलं. लेखात तो ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून गुंतवतो. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापणं.

आता गणित करा. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. बरोब्बर. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आजच्या फिक्स डिपॉझिटच्या पावतीइतका चोख निघतो. शेवटी हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला आणि रीतसर फलकावर नोंदवला, असंही लिहिलंय. शिवाय ३५ कार्षापणं म्हणजे एक सुवर्ण, हा विनिमयाचा दरही याच लेखात मिळतो.

या एका पानातून काय काय बसलं बघा. श्रेणी म्हणजे नुसता कारागिरांचा संघ नव्हता, ती ठेवी घेत होती. व्याजाचे दर ठरलेले होते. नगराची सभा नोंदणी करत होती. शकांचा जावई बौद्ध भिक्खूंना दान देत होता, आणि त्याच्याच लेखांत ब्राह्मणांना दिलेल्या दानाचीही यादी आहे. ‘प्राचीन भारतातील श्रेणींचे कार्य’ असा प्रश्न आला तर दुसरं काही शोधायला नको.

दुसरं पान जोगळटेंभीचं. नाशिकजवळच्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३,००० हून जास्त नाणी, सगळी नहपानाची. पण त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा खाली, त्यावर सातवाहनांची चिन्हं. नाशिकच्याच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरला. त्यात मुलाला ती ‘क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) वंश निःशेष करणारा’ आणि ‘ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं तो’ म्हणते. आईच्या तोंडची स्तुती जराशी सैल हातानेच घ्यायची, पण नाण्यांवरचा छाप तिला दुजोरा देतो. लेख आणि नाणं एकमेकांना साक्ष देतात म्हणजे काय, ते या पानावरून कळतं. ‘गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला’ हे वाक्य मग पाठ करावं लागत नाही.

तिसरं पान गिरनारच्या पायथ्याच्या खडकाचं. एकाच खडकावर तीन काळांचे लेख: अशोकाचे चौदा लेख, रुद्रदामनाचा १५० चा संस्कृत लेख आणि स्कंदगुप्ताच्या काळातला लेख. रुद्रदामनाचा लेख सुदर्शन तलावाची कुंडलीच मांडतो. चंद्रगुप्त मौर्याच्या पुष्यगुप्त नावाच्या अधिकाऱ्याने तो बांधला, अशोकाच्या काळात यवनराज तुषास्फाने त्याला कालवे काढले, पुढे वादळात बांध फुटला आणि रुद्रदामनाच्या वतीने पहलव अधिकारी सुविशाख याने दुरुस्ती केली. कर, विष्टी किंवा प्रणय यांचा बोजा प्रजेवर न टाकता, स्वतःच्या कोषातून खर्च केला, असं राजा अभिमानाने सांगतो. गुप्त संवत १३६, म्हणजे ४५५ साली बांध पुन्हा फुटला आणि तेव्हाची डागडुजी स्कंदगुप्ताच्या लेखात आली.

मौर्य ते गुप्त एका तलावात. विष्टी म्हणजे वेठ, प्रणय म्हणजे अडीनडीला मागितलेली जादा वसुली, हे दोन पारिभाषिक शब्द फुकटात मिळाले. आणि परकीय वंशाच्या राजाचा लेख शुद्ध संस्कृतात, तर सातवाहनांचे लेख प्राकृतात, हा विरोधाभास मुख्यच्या उत्तरात वापरायला उत्तम.

अशी तीस ते चाळीस पानं पुरतात. यात प्रयाग प्रशस्ती (रचणारा हरिषेण), मेहरौलीचा लोहस्तंभ, ऐहोळे (रचणारा रविकीर्ती), नाणेघाटातला नागनिकेचा लेख, लुंबिनीतला रुम्मिनदेईचा स्तंभ आणि प्रभावतीगुप्ताचे ताम्रपट हवेतच. रुम्मिनदेईच्या स्तंभावर बुद्ध इथे जन्मला म्हणून गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि ‘भाग’, म्हणजे पिकातला राजाचा वाटा, एक अष्टमांशावर आणला, असं अशोक सांगतो. करांच्या प्रश्नाला हे एवढं वाक्य कामाला येतं.

पाचवी पायरी: शब्दांची यादी, आणि आपल्याला मिळणारा फायदा

आयोगाला पारिभाषिक शब्द फार आवडतात. २०२० साली ‘कुल्यवाप’ आणि ‘द्रोणवाप’ म्हणजे काय हे विचारलं होतं. उत्तर: जमीन मोजण्याची परिमाणं. ‘वाप’ म्हणजे पेरणी. अमुक मापाचं बी जेवढ्या जमिनीत पेरलं जाईल तेवढी जमीन. आपल्याकडे जुनी माणसं अजूनही ‘पायलीचं रान’ म्हणतात, तोच हिशेब.

मराठी वाचणाऱ्याला इथे घरचा फायदा आहे. पश्चिम महाराष्ट्रातले लेख ज्या प्राकृतात आहेत, ती आपल्या भाषेची जवळची नातेवाईक आहे. उषवदात ‘मम लेणे’ म्हणतो, आपण आजही लेणंच म्हणतो. पाण्याच्या टाक्याला लेखांत ‘पोढी’ आहे आणि गड-लेणी फिरणाऱ्यांच्या तोंडी तो शब्द अजून आहे. ‘सेठि’ चा शेट झाला. दान देणारा प्रत्येक जण लेखाच्या शेवटी ‘देयधम’ लिहितो. इंग्रजी माध्यमातल्या मित्राला जे घोकावं लागतं ते तुम्हाला ओळखीचं वाटतं, त्याचा उपयोग करून घ्या.

शब्द पाच गटांत लिहा: कर, जमीन, अधिकारी, व्यापार, धर्म. बली, भाग, शुल्क, विष्टी पहिल्यात. धम्ममहामात्र, राजुक, उपरिक, विषयपती तिसऱ्यात. सार्थवाह, श्रेष्ठी, निगम चौथ्यात. शब्दाशेजारी तो कुठल्या काळात येतो हे जरूर लिहा, कारण पर्यायात नेमकं तिथेच फसवतात.

सहावी पायरी: कुठे थांबायचं, कुठे पळायचं

हडप्पावर मनसोक्त थांबा, पण स्थळ आणि तिथली खास गोष्ट एवढ्यापुरतं. लोथलची गोदी, कालीबंगनचं नांगरलेलं शेत, धोलावीराचे जलाशय (हे स्थळ २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं). दायमाबादला १९७४ साली मिळालेल्या चार धातुमूर्ती, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, राज्यसेवेसाठी पक्क्या करा. इनामगावही. तिथे लहान मुलांना दोन मडक्यांत तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. हे एकदा वाचलं की ताम्रपाषाणयुग विसरायला होत नाही.

वैदिक काळात ऋग्वेदाची रचना समजून घ्या: दहा मंडलं, १०२८ सूक्तं, दुसरं ते सातवं मंडल जुनी, पुरुषसूक्त दहाव्यात, दाशराज्ञ युद्ध परुष्णी नदीवर. पूर्व आणि उत्तर वैदिक काळातले बदल एका पानात मांडा आणि बाहेर पडा. आर्य कुठून आले यावर व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्यात शिरू नका.

बौद्ध आणि जैन धर्माला मात्र सर्वांत जास्त दिवस द्या. चार संगीती (बौद्ध धर्मपरिषदा), त्यांची ठिकाणं आणि राजे: राजगृह (अजातशत्रू), वैशाली (कालाशोक), पाटलीपुत्र (अशोक), काश्मीर (कनिष्क). त्रिपिटकाचे तीन भाग. स्थविरवाद आणि महासांघिक यांच्यातला फरक. बोधिसत्त्वांची नावं आणि ओळख. जैनांचं अनेकान्त आणि स्याद्वाद. स्तूपाचे भाग: अंड, हर्मिका, छत्र, वेदिका, तोरण. दोन्ही धर्मांत काय सारखं आणि काय वेगळं हा तक्ता तुमचा तुम्हीच करा, छापील घेऊ नका.

शुंग, कण्व, इंडो-ग्रीक, पार्थियन इथून पळत जा. कुषाणांकडे थोडं रेंगाळा, गांधार आणि मथुरा शैलीसाठी. गुप्तकाळात जमीनदानं, साहित्य आणि विज्ञान बघा. आर्यभटाने आपला ग्रंथ ४९९ साली लिहिला. संगम साहित्याला दोन दिवस पुरे.

सातवी पायरी: एक रविवार लेण्यात

पुण्या-मुंबईच्या आसपास असाल तर कार्ल्याला जा. नसाल तर तुमच्या जवळ जे असेल तिथे. वही न्या.

कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, उभं राहून वर पाहिलं की छताला लाकडाच्या कमानी दिसतात. दगडाच्या छताला लाकडी कमानींचा आधार लागत नाही, त्या तिथे केवळ जुन्या लाकडी इमारतींच्या सवयीने बसवल्या आहेत आणि त्यांतलं मूळ लाकूड अजून तिथे आहे. भारतीय शैलवास्तू लाकडी बांधकामाची नक्कल करत सुरू झाली, हे वाक्य सगळ्या पुस्तकांत असतं. तिथे मान वर करून पाहिलं की ते तुमचं होतं. आत ३७ खांब मोजा: दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, स्तूपामागे सात. मागचे सात साधे का, हा प्रश्न स्वतःला विचारा. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची (ग्रीकांची) दानं कोरली आहेत. दारातल्या लेखात वैजयंतीचा भूतपाल शेठ आपलं हे शैलगृह ‘जंबुद्वीपात उत्तम’ आहे, असं बजावून सांगतो. जाहिरातीची हौस जुनीच.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी चैत्य आणि विहार (भिक्खूंचं निवासस्थान) यांचा आराखडा आठवणीने काढा.

आठवी पायरी: जुने प्रश्न, लवकर

अभ्यास संपल्यावर जुने प्रश्न बघू, ही सर्वांत महागात पडणारी चूक. दुसऱ्या आठवड्यापासूनच रोज पाच प्रश्न घ्या. उत्तर बरोबर आलं का यापेक्षा चारही पर्यायांबद्दल तुम्ही काय सांगू शकता हे तपासा.

२०२२ चा प्रश्न घ्या. अशोकाचे लेख आणि राज्यं यांच्या जोड्या: धौली आणि ओडिशा, एर्रगुडी आणि आंध्र प्रदेश, जौगड आणि मध्य प्रदेश, कालसी आणि कर्नाटक. किती जोड्या बरोबर? पहिल्या दोन. जौगड ओडिशात, कालसी उत्तराखंडात. ‘किती जोड्या’ अशा प्रश्नात पर्याय वगळत उत्तर गाठायची सोय नसते, प्रत्येक जोडी माहीत असावीच लागते. दुसऱ्या पायरीतला नकाशा भरला असेल तर हा वीस सेकंदांचा प्रश्न आहे.

चुकलेला प्रश्न वेगळ्या वहीत उतरवू नका. तो पुराव्याच्या वहीत त्या-त्या पानावर लाल पेनाने लिहा. पान नसेल तर नवं पान करा. माझ्या वहीत सोहगौऱ्याचं पान असंच आलं, आणि त्याला जोडून बांगलादेशातल्या महास्थानच्या लेखाचं, कारण तोही धान्याच्या कोठाराविषयीच आहे.

नववी पायरी: मुख्यचं एक उत्तर

२०२० च्या मुख्य परीक्षेत विचारलं होतं की खडकात कोरलेली वास्तू हे प्रारंभिक भारतीय कला आणि इतिहास समजण्याचं महत्त्वाचं साधन कसं आहे. दहा गुण, १५० शब्द. नवखा विद्यार्थी इथे अजिंठा-वेरूळचं वर्णन लिहितो आणि ‘इतिहास’ हा शब्द विसरतो.

मी असं मांडेन. दोन ओळींत सुरुवात: बराबर टेकड्यांवर अशोकाने आजीविक पंथाच्या साधूंना दिलेल्या लेण्यांपासून वेरूळच्या कैलासापर्यंतची सलग परंपरा. कलेसाठी तीन मुद्दे: लोमश ऋषी आणि कार्ले यांतली लाकडाची नक्कल, अजिंठ्याची चित्रं, आणि कृष्ण पहिला याच्या काळात कैलासाचं वरून खाली कोरत येणं. इतिहासासाठी तीन: नाशिकच्या दहाव्या लेण्यातून अर्थव्यवहार, तिसऱ्यातून सातवाहन-क्षत्रप संघर्ष, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या वराहदेवाच्या लेखातून वाकाटकांची वंशावळ. शेवटची ओळ वेरूळची: बौद्ध, हिंदू, जैन अशी ३४ लेणी एकाच डोंगरात. शेजारी चैत्यगृहाचा छोटा आराखडा, अर्ध्या मिनिटात निघेल असा. हे सगळं पुराव्याच्या वहीतूनच आलेलं आहे.

आठवड्याला असं एक उत्तर लिहा आणि कोणाला तरी वाचायला द्या, शक्यतो इतिहास न वाचलेल्या माणसाला. त्याला कळलं तर तपासनिसालाही कळेल.

उजळणी

पहिली उजळणी पान लिहिल्याच्या आठवड्याभरात, दुसरी महिन्याने, तिसरी पूर्वपरीक्षेच्या आधीच्या महिन्यात. दर वेळी आधी कोरा नकाशा भरायचा, मग वही उघडायची. नकाशावर जी गावं सुटली तेवढीच पानं पुन्हा वाचायची, सगळी नाही. काळाची पट्टी टेबलासमोरच्या भिंतीवर असू द्या. शेवटच्या दहा दिवसांत मित्राने नवी पीडीएफ पाठवली तर ती उघडू नका. त्या दहा दिवसांत मी फक्त लाल पेनाने लिहिलेलं वाचतो, दोन बसण्यांत होतं.